जुन्या जेट बोटीचा सौदा पाण्यातच व्हावा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माणसाला गाडीच्या व्यवहारात फसवणे सोपे नाही. माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केलेला ग्वाल्हेरचा व्यापार मेळा हिवाळ्यात भरतो, वाहनकरात सवलत जाहीर झाली की आसपासच्या जिल्ह्यांतून गिऱ्हाइकांची रीघ लागते आणि चार पिढ्यांत इथल्या लोकांची नजर तयार झाली आहे. तेलाची पट्टी ओढून बोटावर तेल चोळून बघणे, टायरवरचा आठवड्याचा आणि वर्षाचा आकडा वाचणे, चासी नंबर आरसीशी पडताळणे, हे पोराटोरांनाही ठाऊक असते. राज्याचे परिवहन आयुक्तालयसुद्धा याच शहरात आहे. जुनी बोट घ्यायला निघालेला माणूस तिच्याकडेही याच नजरेने पाहतो. रंग चकचकीत आहे का, गाद्या फाटल्यात का, इंजिन एका किल्लीत लागते का, एवढे बघून तो इसार देऊन मोकळा होतो.

जेट बोटीच्या बाबतीत ही नजर कामाची नाही. गाडी बिघडली तर ढकलून कडेला घेता येते. जेट बोटीचे इंजिन भर पाण्यात बंद पडले तर ती नुसती थांबत नाही, तिचे सुकाणूही त्या क्षणी निकामी होते. शिवाय या बोटीत बहुतेक वेळा अनोळखी कुटुंबे बसतात, लहान मुले बसतात. म्हणून जुन्या जेट बोटीची खरेदी हा विकणारा आणि घेणारा या दोघांपुरता व्यवहार मानता येत नाही. बोट पाण्यात पूर्ण ताकदीने चालवून पाहिल्याशिवाय, तळ आणि पंप उघडून मोजल्याशिवाय आणि कागद तपासल्याशिवाय एक रुपयाही हातचा सुटू नये.

ग्वाल्हेरच्या माणसाने तर बोट बघायच्या आधी पाणी बघावे. घरचे पाणी म्हणजे तिघरा. सांक नदीवरच्या या जलाशयातून शहराला पिण्याचे पाणी मिळते. शिवपुरीचा सख्यासागर 2022 मध्ये रामसर यादीत गेला आणि त्याच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. चंबळेचा मोठा पट्टा घडियालांसाठी राखीव अभयारण्य आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ खंडपीठाने सप्टेंबर 2023 मध्ये भोपाळचा मोठा तलाव, नर्मदा आणि राज्यातल्या अशा पाणथळ जागांवर इंधनावर चालणाऱ्या क्रूझ आणि मोटरबोटी बंद करण्याचा आदेश दिला. पिण्याच्या पाण्यात तेल आणि धूर मिसळतो, हे त्यामागचे साधे कारण. जेट बोटीला उघडा पंखा नसला तरी ती पेट्रोल पिते आणि पाण्यातच धूर सोडते, त्यामुळे तिला यातून सुटका नाही. ज्या पाण्यावर बोट चालवायची त्या पाण्याच्या मालक खात्याची लेखी परवानगी हातात नसेल, तर पुढची सगळी तपासणी व्यर्थ आहे. बोट अंगणात ताडपत्रीखाली पडून राहील आणि पैसे बुडतील.

परवानगी आहे, पाणी योग्य आहे, असे धरून पुढे जाऊ.

जेट बोटीचा जन्म एका शेतकऱ्याच्या गरजेतून झाला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बिल हॅमिल्टन यांचे आयरिशमन क्रीक नावाचे मेंढ्यांचे मोठे कुरण होते. तिकडच्या नद्या उथळ, वेगवान आणि गोट्यांनी भरलेल्या, त्यामुळे पंखा असलेली बोट तिथे टिकेना. 1954 मध्ये त्यांनी पाणी आत ओढून मागे जोरात फेकणारी बोट चालवून दाखवली. 1960 मध्ये त्यांच्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या उलट प्रवाहात चढून गेल्या. भारताने हे यंत्र जवळून पाहिले ते 1977 मध्ये. एडमंड हिलरी यांनी गंगासागरपासून तीन जेट बोटी गंगेतून वर नेल्या, बिल यांचा मुलगा जॉन हॅमिल्टन त्या मोहिमेत होता, आणि थेट नंदप्रयागजवळच्या धबधब्याने वाट अडवेपर्यंत त्या चढत राहिल्या. उथळ पाण्यातून, खडकांवरून जाणारी बोट ही ख्याती तेव्हापासून आहे आणि विकणारा आजही तिचेच भांडवल करतो. पण हिलरींच्या बोटी निष्णात हातांत होत्या. जुन्या बाजारात आलेली बोट आजवर कोणाकोणाच्या हातून गेली हे कोणालाच माहीत नसते.

या बोटीचे हृदय म्हणजे तिचा पंप. विहिरीवरच्या मोटारीला जसा पंप असतो, तसाच हा. फक्त पाणी शेतात न जाता मागे फेकले जाते आणि त्या धक्क्याने बोट पुढे सरकते. तळाला जाळी असते, तिच्यातून पाणी आत येते. आत पोलादी पात्यांचा इम्पेलर फिरतो. त्याच्याभोवती एक कडे असते, त्याला वेअर रिंग म्हणतात. इम्पेलरच्या पात्यांचे टोक आणि हे कडे यांच्यात अगदी बारीक फट असते. सगळी ताकद त्या फटीवर अवलंबून आहे. फट वाढली की पाणी मागे फेकले जाण्याऐवजी आतल्या आत घसरते, इंजिन ओरडते आणि बोट रेंगाळते.

ही फट वाढते वाळूने. वेगात असताना जेट बोट घोटाभर पाण्यावरून निघून जाते हे खरे, पण ती सुटताना आणि थांबताना तळाशी गाळ असेल तर सगळा गाळ पंप आत ओढतो. म्हणूनच कंपन्यांच्या पुस्तिकांत इंजिन सुरू करताना तळाखाली साधारण 90 सेंटिमीटर पाणी असावे असे सांगितलेले असते. किनाऱ्यावर पर्यटक चढवायचे-उतरवायचे काम करणाऱ्या बोटीत हा नियम दिवसातून कितीतरी वेळा मोडला जातो. समुद्रकाठी दोन-तीन हंगाम घासलेली बोट बाहेरून नवी दिसू शकते आणि आतून संपलेली असू शकते.

तपासायची रीत अवघड नाही. बोट ट्रेलरवर असताना इंजिनाची किल्ली काढून घ्यावी, शक्यतो बॅटरीची तारही सोडवावी. मग खाली निजून टॉर्च घेऊन जाळीतून वर पाहावे. पात्यांच्या पुढच्या कडा सरळ आणि धारदार हव्यात. कडेवर दात पडलेले असतील, कोपरे वाकलेले असतील तर गोटे आत गेले आहेत. मागच्या बाजूने नोझलमधून पाहावे आणि लष्करातल्या कुठल्याही मिस्त्रीकडे असते ते फीलर गेज पात्याच्या टोकाशी घालावे, चारही बाजूंनी. चांगल्या पंपात ही फट मिलिमीटरच्या काही दशांशांत असते आणि सगळीकडे सारखी असते. एका बाजूला पट्टी सैल आणि दुसऱ्या बाजूला घट्ट बसली तर बेअरिंग गेले आहे. कड्यावर नखाला लागतील असे खोल ओरखडे असतील तर कडे बदलावे लागेल. इम्पेलर हाताने फिरवताना खरखर आली, किंवा धरून हलवताना मागे-पुढे खेळू लागला, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून आधीच वजा करावा. पंपाच्या शंकूतले तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर पाणी आत शिरले आहे.

जाळी वाकलेली आहे का, तिचे बोल्ट जागेवर आहेत का, हेही बघावे. आपल्याकडच्या तलावांत विसर्जनानंतर दोऱ्या, कापड, निर्माल्याच्या पिशव्या महिनोन्‌महिने तरंगत असतात. तुटक्या जाळीच्या बोटीत यातली एक दोरी शाफ्टला गुंडाळली की बोट तिथेच संपते.

पंपानंतर तळ. तिघऱ्याचा इतिहास इथे आठवण्यासारखा आहे. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले ते दगडी धरण 1917 मध्ये फुटले. वरून पाणी वाहू लागले आणि भिंतीचे मोठे तुकडे पायावरून सरकून गेले. पुढे 1929 मध्ये ते पुन्हा उभे राहिले. बोटीचेही घात असेच नजरेआड, तळाशी होतात. फायबरच्या बोटीत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा एकाच जागी दाटल्या असतील तर तिथे आघात झाला आहे. मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, आणि पंपाभोवतालचा भाग प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जावे. टणक आवाज येत असताना मध्येच भदभद आवाज आला की आतला थर सुटला किंवा लाकूड कुजले. बोटीच्या पोटात तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तो पाणी पितो, आणि एकदा प्यायला की सुकत नाही.

यावर एक स्वस्त उपाय आहे, जो विकणाऱ्याला सहसा सुचवावासा वाटत नाही. बोट ट्रेलरसकट धर्मकाट्यावर न्यावी, मग ट्रेलर एकट्याचे वजन करावे. टाकीतले पेट्रोल आणि सामान वजा करून उरलेले वजन कंपनीने छापलेल्या कोरड्या वजनाशी ताडून पाहावे. शे-दोनशे किलो जास्त भरले तर ते पोटातले पाणी आहे. अशी बोट पाण्यात खाली बसते, कमी माणसे पेलते आणि उलटली तर तरंगत राहील याची खात्री नसते. दाल बाजारातले पोते काट्यावर घालून घेणाऱ्या शहराला बोट काट्यावर घालायला अवघड का वाटावे?

इंजिनाच्या बाबतीत ग्वाल्हेरच्या मिस्त्रीचा हात चालतो, पण दोन गोष्टी त्याला नव्या असतात. पहिली मिठाची. इथे येणारी जुनी बोट बहुधा गोवा किंवा मुंबईकडच्या खाऱ्या पाण्यातून येते. काही कंपन्यांच्या बोटी, उदाहरणार्थ यामाहाच्या, बाहेरचेच पाणी इंजिनातून फिरवून थंड करतात. सी-डूच्या बोटींत इंजिनाचे शीतक बंद चक्रात फिरते. पहिल्या प्रकारात रोज गोड्या पाण्याने धुतले नसेल तर मीठ आतल्या वाटा खाऊन टाकते. बोल्टांच्या डोक्यांवर पांढरी पूड, तारांच्या जोडांवर हिरवा गंज, झिजून नाहीसे झालेले जस्ताचे तुकडे, या खुणा खोटे बोलत नाहीत. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत, एक सिलिंडर दहा टक्क्यांहून जास्त मागे असेल तर इंजिन उघडावे लागणार.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. सी-डूच्या मूळ कंपनीने 2012 मध्ये आपल्या स्पोर्ट बोटी बनवणे बंद केले. तशी बोट मिळाली तर स्वस्त मिळेल, पण तिचा एखादा भाग तुटला तर तो कुठून आणायचा हे आधीच ठरवावे. त्या काळातल्या रोटॅक्स सुपरचार्जर इंजिनांत सिरॅमिकच्या वॉशर असत. त्या फुटून तेलात मिसळल्या की अख्खे इंजिन जाई. त्या बदलल्याची पावती मागावी. पावती नसेल तर बदललेल्या नाहीत असे धरावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. विकणारा अंगणात पाण्याची नळी लावून इंजिन सुरू करून दाखवतो. आवाज छान येतो, आजूबाजूचे चार जण वा वा करतात. या प्रयोगातून पंपाविषयी काहीच कळत नाही, कारण हवेत फिरणाऱ्या इम्पेलरवर भार नसतो. एक गोष्ट मात्र कळते: विकणाऱ्याला बोट सांभाळता येते की नाही. आधी इंजिन सुरू करायचे, मग पाणी सोडायचे. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. हा क्रम उलटा झाला तर सायलेन्सरच्या वाटेने पाणी इंजिनात चढते. ज्याने तुमच्यासमोर क्रम उलटा केला, त्याने तुमच्या माघारी कितीदा केला असेल याचा विचार करावा.

खरी परीक्षा पाण्यात. पुरेसे खोल, मोकळे पाणी, अंगात लाइफ जॅकेट, सोबत दुसरी बोट, आणि जेवढी माणसे रोज बसणार तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या बोटीत. पूर्ण थ्रॉटल देऊन मीटरवरचे फेरे वाचावे आणि कंपनीच्या आकड्याशी ताडावे. फेरे हवे तेवढे किंवा जास्त आणि वेग कमी, तर पंप गेला आहे. फेरेच चढत नसतील, तर इंजिन थकले आहे. ही एक ओळ पाठ असली तरी निम्मी फसवणूक टळते. थरथर, जळका वास, मध्येच इंजिन मोकळे फिरल्यासारखा आवाज, यातले काही आले तर तिथेच थांबावे. परत काठावर आल्यावर बोटीच्या पोटात पाणी साचले आहे का ते पाहावे आणि तेलाची पट्टी पुन्हा ओढावी. सुरू करण्याआधी चॉकलेटी असलेले तेल परतताना दुधाळ झाले असेल तर सौदा संपला.

याच फेरीत थ्रॉटल सोडून सुकाणू फिरवून पाहावे. बोट वळणार नाही. तो बिघाड नाही, जेट बोटीचा स्वभाव आहे: मागे फेकले जाणारे पाणीच तिला वळवते, ते थांबले की वळणे थांबते. समोर अडथळा दिसला की घाबरलेला माणूस हात मागे घेतो, थ्रॉटल सोडतो आणि सरळ अडथळ्यावर जातो. बोट घेणाऱ्याने आणि ती चालवणाऱ्या प्रत्येकाने हे मोकळ्या पाण्यात करून शरीरात मुरवले पाहिजे. चालकाच्या मनगटाला बांधायची, ओढली की इंजिन बंद करणारी दोरी चालते का, रिव्हर्सची बकेट पूर्ण खाली येते का, इंजिनाच्या खोलीतली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा फिरतो का, हेही तेव्हाच बघावे.

चाचणी कुठे करायची हा प्रश्न क्षुल्लक नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. 15 जणांचे प्राण गेले. प्रशिक्षित चालक, शिस्तबद्ध दल आणि तरीही हे घडले. मग इंजिन कुठून आले, कोणी बसवले हे माहीत नसलेली जुनी बोट कोणी सुट्टीच्या दिवशी, पोहणाऱ्यांच्या आणि पेडल बोटींच्या गर्दीत पळवून बघत असेल तर त्याला रोखले पाहिजे.

कागदांकडे बघायचा कंटाळा सर्वांनाच येतो, म्हणून ते काम शेवटी ढकलले जाते. ते आधी करावे. 1917 चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 लागू आहे. इंजिनावर चालणाऱ्या जलयानाला नोंदणी हवी, पाहणी म्हणजे सर्व्हेचे प्रमाणपत्र हवे, विमा हवा. एका राज्यातली नोंदणी देशभर मान्य आहे, तेव्हा ‘गोव्याची नोंदणी इथे चालत नाही, म्हणून कागद आणलेच नाहीत’ ही सबब ऐकून घेऊ नये. बोट परदेशातून आलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री मागावी. ट्रान्समवर कोरलेला हल नंबर आणि इंजिनाचा नंबर स्वतः वाचून कागदाशी जुळवावा. नंबर घासलेला असेल तर ती बोट चोरीची किंवा बुडून वर काढलेली असू शकते. कर्ज शिल्लक नाही, याचे बँकेचे पत्रही घ्यावे.

मूळ कामापेक्षा वेगळ्या कामाला जुंपलेली बोट काय करते हे केरळमधल्या तानूरने 7 मे 2023 रोजी पाहिले. मासेमारीची बोट बदलून पर्यटकांसाठी केलेली, तिच्यात माणसे कोंबलेली. 22 जण बुडाले. पुढच्या वर्षी 18 जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला गेलेली 12 मुले आणि 2 शिक्षिका गेल्या. बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. यातली कोणतीही जेट बोट नव्हती. तरी दोन्हीकडे प्रश्न तोच होता: ही बोट किती माणसांसाठी बनली, हे कोणी विचारले होते का? घरच्या चौघांसाठी बनलेली जुनी जेट बोट विकत घेऊन तिच्यात तिकीट लावून आठ जण बसवणारा माणूस त्याच वाटेने निघाला आहे, आणि त्याला ती बोट तशी वापरता येईल असे सांगून विकणाराही.

स्वतंत्र सर्व्हेअर लावला तर खर्च येतो, पंप उघडायला एक दिवस जातो, बोट पाण्यावर न्यायला भाडे पडते. हा खर्च बोटीच्या किमतीपुढे फार नाही. विकणारा ‘दुसरे गिऱ्हाईक उभे आहे’ म्हणून घाई करू लागला तर ती घाईच सर्वांत मोठी खूण समजावी. इसाराच्या चिठ्ठीवर एकच अट स्पष्ट लिहून घ्यावी: पाण्यातली चाचणी आणि सर्व्हे समाधानकारक न ठरल्यास पूर्ण रक्कम परत.

आणि जिथे तिकीट लावून माणसे बसवायची आहेत, तिथे हे खरेदीदाराच्या शहाणपणावर सोडणे पुरेसे नाही. ऑगस्ट 2021 मध्ये श्योपूर, शिवपुरी, दतिया, भिंड आणि ग्वाल्हेर जिल्ह्यांत पूर आला तेव्हा बोटींची किंमत सगळ्यांना कळली. त्याआधी दोन वर्षे सांगलीच्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढताना बोट उलटली तेव्हा भरवशाच्या बोटीची किंमत कळली. पर्यटन खात्याने, जलसंपदा खात्याने आणि महापालिकेने कोणत्याही जुन्या बोटीला धक्क्यावर जागा देण्याआधी तिचा ताजा सर्व्हे मागावा आणि त्यातल्या तीन गोष्टी धक्क्यावरच्या फलकावर हिंदीत ठळक लिहाव्यात: बोटीत बसण्याची कमाल संख्या, सर्व्हेची तारीख, विम्याची मुदत. ज्या बोटीच्या फलकावर यांतली एक जागा रिकामी असेल, तिचे तिकीट विकण्याची मुभा त्या दिवशी कोणालाही नसावी.